क्यूचा बट कसा पारखायचा: पूल नव्यानं शिकणाऱ्यांसाठी

क्लबच्या स्टिकवर हात बसला, सोपे पॉट जायला लागले, की पुढची इच्छा ठरलेली: आपली स्वतःची स्टिक, म्हणजेच क्यू. मग दुकानात असो की मोबाइलवर, नजर थेट मागच्या जाड भागावर जाते. काळ्या लाकडात घुसलेली पांढरी टोकं, चकचकीत पॉलिश, चंदेरी रिंगा. विकणारा म्हणतो, ‘हिट एकदम कडक आहे.’ शेजारच्या टेबलावरचा म्हणतो, ‘भावा, जड घे, ब्रेक लई भारी बसतोय.’ दोघांचंही ऐकून घ्या, पाकीट मात्र एवढ्यात काढू नका. हा मागचा भाग, म्हणजे बट, शॉटमध्ये नेमकं काय करतो हे अर्ध्या तासात स्वतःच्या हातानं तपासता येतं. त्यासाठी एक टेप, एक पेन्सिल आणि घरातला वजनकाटा पुरे.

आधी भाग ओळखून घ्या

नेहमीची पूलची स्टिक साधारण ५८ इंचांची, मधोमध जोडलेली, म्हणजे २९ इंचांचे दोन तुकडे. पुढचा निमुळता तुकडा शाफ्ट आणि त्याच्या टोकाला चामड्याची टीप. मागचा तुकडा बट. बटावर पुढून मागं हात फिरवत गेलात तर आधी जॉइंटची कॉलर, म्हणजे जोडावरची कडी लागते, मग फोरआर्म म्हणजे नक्षीचा भाग, मग हँडल, ज्यावर बहुधा रॅप, म्हणजे पकडीसाठीचं आवरण, गुंडाळलेला असतो. त्यामागं स्लीव्ह, शेवटी कॅप आणि रबरी बंपर. फोरआर्म आणि हँडल हे बऱ्याचदा वेगवेगळे लाकडी तुकडे असतात आणि त्यांचा सांधा रॅपच्या पुढच्या कडेपाशी असतो. हा सांधा लक्षात ठेवा, पुढं तो भेटणार आहे. बंपरच्या आत, कॅपच्या पोटात, बहुतेक स्टिकना लोखंडी वेट बोल्ट असतो. नक्षीपेक्षा हा न दिसणारा बोल्ट तुमच्या खेळाला जास्त कामाचा.

आपल्याकडे अनेक क्लबांत स्नूकरच्याच काठ्या पूलला वापरतात. त्यांची टीप ९-१० मिलिमीटरची असते, पूलची १२-१३ ची. स्नूकरचा बट बारीक असतो, त्यावर रॅप नसतो आणि टोकाला एका बाजूनं सपाट कापलेला असतो. त्यामुळं क्लबची काठी आणि दुकानातली पूल क्यू हातात घेऊन ‘ही जाड वाटते’ एवढ्यावरून निकाल देऊ नका. दोन्ही जाती वेगळ्या आहेत.

बटाच्या हातात काय नाही

टीप आणि पांढरा चेंडू एकमेकांना टेकून असतात तो वेळ सेकंदाच्या जेमतेम हजाराव्या भागाइतका. ‘कसं लागलं’ हे हाताला कळेपर्यंत पांढरा निघून गेलेला असतो. ज्याला आपण हिट म्हणतो ती घडून गेलेल्या शॉटची बातमी असते. त्या बातमीवरून शॉट बदलायची सोय नाही.

साइड मारली, म्हणजे पांढऱ्याला मधोमध न मारता डावीकडं किंवा उजवीकडं मारलं, की तो सरळ न जाता थोडासा उलट बाजूला सरकून निघतो. तो किती सरकणार हे शाफ्टच्या टोकाकडच्या वीतभर भागाच्या वजनावर ठरतं. धक्क्याची आडवी लाट त्या हजाराव्या भागात तेवढीच मागं पोचते. बटाचं लाकूड एबनी आहे की मेपल, त्या क्षणी चेंडूला पत्ताही नसतो. म्हणून ‘या बटानं साइड कमी पळते’ असं कुणी सांगितलं तर शाफ्ट कुठला आहे ते विचारा.

स्क्रू, म्हणजे पांढरा समोरच्या चेंडूला लागून मागं येणं, किती येणार हेही टीप चेंडूला किती खाली लागली, किती वेगानं लागली आणि चॉक नीट होता का, यावर आहे. चकाकून गुळगुळीत झालेली टीप बदलली तर हिटमध्ये जेवढा फरक पडतो तेवढा बट बदलून पडणार नाही. बट घ्यायच्या आधी टीप बदलून घ्या. निम्म्या लोकांचं काम तिथंच भागेल, असं माझं मत आहे.

मग बटाचं काम काय? तो तुमच्या मागच्या हाताला सांभाळतो. वजन कुठं आहे, पकड कुठं पडते, जाडी किती, घामात सरकतं का, मारल्यावर हातात काय झणझणतं, या सगळ्यानं हाताची चाल बदलते आणि हाताच्या चालीनं चेंडू बदलतो. तपासायचं आहे ते हे.

पायरी पहिली: वजन

स्टिकवर वजन औंसांत लिहिलेलं असतं, १८, १९, २०, २१. एक औंस म्हणजे सुमारे २८ ग्रॅम, त्यामुळं १९ औंसांची स्टिक साधारण ५४० ग्रॅम. स्टिकवरच्या आकड्यावर विसंबू नका. घरच्या काट्यावर एक वाटी ठेवून काटा शून्यावर आणा, बट आणि शाफ्ट एकेक करून वाटीत आडवे ठेवा आणि बेरीज करा. दोन्ही वेगवेगळे मोजल्याचा फायदा असा की वजन पुढं आहे की मागं याचा पहिला अंदाज इथंच येतो.

जागतिक पूल संघटनेच्या नियमांत क्यूचं कमाल वजन २५ औंस आहे आणि किमान लांबी ४० इंच. या टोकांपर्यंत जायचं तुम्हाला कारणच पडणार नाही.

आता त्या ‘जड घे’ सल्ल्याचं बघू. कोल्हापुरासारख्या तालमींच्या गावात जड म्हणजे ताकद हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं. पूलचा चेंडू साधारण ६ औंसांचा. १९ औंसांची आणि २१ औंसांची स्टिक अगदी एकाच वेगानं चालवली तर २१ वाली चेंडूला सव्वादोन-अडीच टक्केच जास्त वेग देते. आणि ‘एकाच वेगानं’ ही अटच अवघड आहे, कारण जड काठी हात तेवढ्या वेगानं चालवत नाही. म्हणजे दोन औंसांत कमावलेलं बहुतेक हातातच संपतं. ब्रेक फुटतो तो पांढरा पुढच्या चेंडूला भरीव, सरळ लागल्यानं. सुरुवातीला १९ घ्या. काही महिन्यांनी हात सांगेल तसा अर्धा औंस इकडंतिकडं करा, तोही बोल्टनं.

पायरी दुसरी: तोल

सगळ्यात जास्त वेळ इथं घाला. वजन किती यापेक्षा ते कुठं आहे हे हाताला आधी कळतं. तालमीतला मुद्गल मुठीला धरून फिरवा आणि मग तोच मुद्गल उलटा, जाड टोकाला धरून फिरवा. काट्यावर वजन तेच, मनगटाला मात्र दोन वेगळ्या वस्तू.

तोल काढायची रीत सोपी आहे. स्टिक पूर्ण जोडा, टेबलाच्या लाकडी कडेवर पेन्सिल आडवी ठेवा आणि तिच्यावर स्टिक मागंपुढं सरकवत दोन्ही बाजू समतोल राहतील अशी जागा शोधा. तिथून बंपरपर्यंतचं अंतर टेपनं मोजा. पूलच्या बहुतेक स्टिकचा तोल १८ ते १९ इंचांच्या आसपास येतो. १७ च्या खाली असेल तर स्टिक मागं जड, २० च्या पुढं असेल तर पुढं जड.

मागं जड स्टिक हातात घेतल्यावर हलकी, चपळ वाटते, आणि नवशिक्याला दुकानात हमखास तीच आवडते. टेबलावर वाकलं की खरं कळतं. पुढच्या हाताच्या ब्रिजवर, म्हणजे शाफ्ट टेकवायला बोटांनी केलेल्या आधारावर, शाफ्टचं वजन पुरेसं बसत नाही, त्यामुळं स्ट्रोक संपताना टीप वर उडते. पुढं जड स्टिक ब्रिजवर दबून राहते, चाल सरळ ठेवायला मदत करते, पण हळू, मोजून मारायच्या शॉटला थोडी आळशी वाटते. नव्या खेळाडूला मी किंचित पुढं तोल असलेली, १९ इंचांच्या जवळची स्टिक घ्यायला सांगेन. काही चांगले खेळाडू याच्या बरोबर उलट सांगतील. त्यांचा हात बसलेला असतो, तुमचा बसायचा आहे.

टीप उडते आहे हे दिसलं की लगेच बटाला दोष देऊ नका. मूठ घट्ट आवळली तरी अगदी तसंच होतं. ताडून बघायचं असेल तर मागचा हात तीन बोटांवर आणा, अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट, स्टिक नुसती लटकत ठेवल्यासारखी धरा आणि तोच शॉट पुन्हा मारा. टीप आता शांत असेल तर दोष मुठीत होता. अजूनही उडत असेल तर तोल मागं आहे.

बोल्टनं तोल किती हलतो याचा हिशेब आधीच करता येतो. समजा स्टिक १९ औंसांची आहे, तोल १९ इंचांवर आहे, आणि बंपरपासून २ इंचांवर १ औंसाचा बोल्ट तुम्ही वाढवला. बोल्ट आणि जुना तोल यांत अंतर १७ इंच. एकूण वजन आता २० औंस. १७ भागिले २०, म्हणजे तोल ०.८५ इंच मागं आला. एका औंसानं वजन पाचच टक्के वाढलं, पण स्टिकचा स्वभाव बदलला. म्हणून फक्त वजन वाढवायचं म्हणून मागं बोल्ट घालणाऱ्याची स्टिक अचानक परकी वाटायला लागते. पाठीमागं लावायचं एक्स्टेन्शनही हेच करतं, उलट जास्तच.

पायरी तिसरी: तुमचा हात पडतो कुठं

शॉटला वाका, टीप चेंडूला जवळजवळ टेकवा आणि मित्राला बाजूनं फोटो काढायला सांगा. कोपरापासून मुठीपर्यंतचा हात जमिनीशी काटकोनात सरळ खाली आलेला असेल तर मूठ जिथं आहे ती तुमची जागा. उंच माणसाची मूठ रॅपच्या मागच्या भागात पडते. पाच फूट तीन इंचांच्या माणसाची पार पुढच्या कडेवर, कधी रॅप सोडून फोरआर्मवर.

या शेवटच्या लोकांसाठी दोन सूचना. रॅपची कड उंचावलेली असेल तर ती बोटांखाली खुपते आणि नकळत हात मागं सरकतो, म्हणून एकतर रॅप नसलेला बट घ्या किंवा ज्याची कड नखाला लागत नाही असा. दुसरं, तुमची मूठ तोलाच्या जवळ असल्यामुळं तीच स्टिक तुम्हाला ब्रिजवर हलकी लागते. उंच मित्राला आवडलेली स्टिक तुम्हाला आवडेलच असं नाही, आणि त्यात तुमच्या खेळाचा दोष नाही.

पायरी चौथी: जाडी आणि रॅप

पूलच्या बटाची मागच्या टोकाची जाडी सव्वा इंचाच्या आसपास असते, जॉइंटपाशी ती २१-२२ मिलिमीटरवर येते. लहान हाताला जाड बट आवळून धरावा लागतो आणि आवळलेली मूठ म्हणजे वाकडी चाल. बोटांची टोकं तळव्याला सहज भेटतात का, एवढं बघा.

रॅप तीन प्रकारचे: लिननचा दोरा, चामडं किंवा काहीच नाही. लिनन घाम पितं, म्हणून एप्रिल-मेमध्ये बरं. पण जून ते सप्टेंबर आपल्या हवेत ते ओलसर राहतं, मळतं आणि एकदा धागा फुलला की खरखरीत होतं. चामडं पावसाळ्यात टिकतं, हाताला किंचित चिकटतं. रॅप नसलेला पॉलिशचा बट कोरड्या हाताला उत्तम, घामट हाताला निसरडा. मग रुमाल बाळगा. क्लबात मिळतात ते रबरी कव्हर बटावर चढवायचा मोह टाळा. त्यानं जाडी वाढते आणि हात सरकायचाच बंद होतो.

पायरी पाचवी: आवाज आणि झणझण

‘कडक हिट’, ‘मऊ हिट’ हे आपण हातानं ठरवतो असं वाटतं. बराचसा निकाल कान देतो. कानात इअरफोन घालून, गाणं लावून मारून बघा. दोन स्टिकमधला फरक बराच पुसट होतो.

पण एक आवाज ऐकायलाच हवा. जोडलेली स्टिक जॉइंटच्या थोडं खाली दोन बोटांत सैल लटकवा आणि दुसऱ्या हाताच्या मुठीच्या हाडानं बटावर, मागच्या बाजूला, ठोका. चांगला बट एक स्वच्छ ‘टक’ देतो आणि गप्प होतो. ‘टर्र’ किंवा बारीक खुळखुळ आली तर आत काहीतरी सैल आहे. शोध क्रमानं घ्या. आधी बंपर काढा आणि पुन्हा ठोका. आवाज गेला तर बंपर सैल होता, त्याचं काम झालं. राहिला तर लांब ॲलन की किंवा स्क्रूड्रायव्हरनं आतला बोल्ट आवळा, बहुतेक वेळा गुन्हेगार तोच. तरीही राहिला तर रिंगांवर एकेक करून अंगठा दाबून ठोका, कुठल्या रिंगेवर दाबल्यावर आवाज थांबतो ते बघा. सगळं करून खुळखुळ रॅपच्या पुढच्या कडेपाशीच येत असेल तर फोरआर्म आणि हँडलचा आतला सांधा सुटला आहे. तो घरी आवळता येत नाही. नवी स्टिक असेल तर तिथल्या तिथं परत करा, जुनी असेल तर घेऊच नका.

अशी सैल स्टिक चेंडूला फारसं फसवत नाही. तुम्हाला फसवते. प्रत्येक शॉटनंतर ‘बरोबर लागला नाही’ असं वाटत राहतं आणि बरोबर लागलेला शॉटही तुम्ही बदलत बसता.

जॉइंट आणि लाकूड, थोडक्यात

स्टीलची कॉलर असलेला जॉइंट जड असतो आणि स्टिकच्या मध्यावर बसतो, म्हणून तोल थोडा पुढं नेतो. त्याची खरी ओळख एवढीच. स्टीलनं हिट कडक होते, लाकडावर लाकूड टेकलं की मऊ, असल्या चर्चा चहाबरोबर छान रंगतात. तुम्ही एवढं बघा की स्टिक आवळल्यावर दोन तुकड्यांच्या मधून उजेड दिसत नाही आणि टेबलावर गडगडवली तर जोडापाशी उसळत नाही.

मित्राचा शाफ्ट तुमच्या बटावर लावून बघायचा असेल तर आधी आटे बघा. ५/१६ इंची पिनमध्येच इंचाला १४ आट्यांचा आणि १८ आट्यांचा असे दोन प्रकार सर्रास असतात, नुसत्या नजरेला सारखेच. दीड-दोन फेरे फिरला आणि अडला की थांबा. जोर लावलात तर शाफ्टमधले आटे गेले.

लाकडाचं म्हणाल तर मेपल हलकं, एबनी इतकं जड की पाण्यात बुडतं, रोझवुड दोहोंच्या मधे. आपल्या आजोळच्या जुन्या कपाटातलं शिसव याच रोझवुडच्या कुळातलं. २०१७ पासून हे सगळं कुळ आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या संरक्षित यादीत आहे, त्यामुळं स्वस्त स्टिकवर ‘अस्सल रोझवुड’ लिहिलेलं दिसलं तर भुवया उंचवा. फोरआर्मवरच्या नक्षीची टोकंही स्वस्त मालात छापलेली असतात. सगळ्या टोकांची उंची केसाच्याही फरकाशिवाय सारखी आणि टोकाच्या आत लाकडाची स्वतःची रेघ दिसत नाही, तर बहुधा स्टिकर आहे. त्यानं हिट बिघडत नाही, फक्त किंमत त्या हिशेबानं द्या.

टेबलावरची परीक्षा

दोन बटांतून निवडायचं असेल आणि आटे जुळत असतील तर शाफ्ट एकच ठेवा, बट बदला. नाही तर तुम्ही टीपची परीक्षा घ्याल आणि गुण बटाला द्याल.

तीन शॉट पुरतात. पहिला, पांढरा समोरच्या कुशनला लावून परत आपल्या कुशनच्या जितक्या जवळ आणता येईल तितका हळू आणायचा. हळू शॉटला तोल उघडा पडतो. दुसरा, दोन-अडीच फुटांवरचा सरळ पॉट, पांढरा जागेवर थांबवून. तिसरा, तोच पॉट पण स्क्रू घेऊन. प्रत्येक शॉट दहा वेळा, आणि शेवटी पांढरा कुठं थांबला तिथं खडूनं कुशनच्या लाकडावर छोटी खूण करा. क्लबवाल्याला आधी विचारा, आणि कापडावर खडू लावू नका, नाही तर कोल्हापुरी भाषेत समजूत काढली जाईल.

जमलं तर बट कुठला ते न बघता मारा. मित्रानं स्टिक जोडून हातात द्यायची, तुम्ही नजर पांढऱ्यावर ठेवायची. खुणा कुठल्या बटाच्या जास्त जवळजवळ पडल्या ते नंतर मोजा. जी स्टिक ‘मस्त वाटली’ आणि जिच्या खुणा विखुरल्या, ती घेऊ नका.

बोल्ट बदलायचा असेल तर

निवड झाली, पण तोल अर्धा-पाऊण इंच पुढंमागं हवा आहे, अशी वेळ बऱ्याचदा येते. बंपर काढा, बोल्ट बाहेर काढा, वजन करा. काही स्वस्त बटांत तो चिकटवलेला असतो, फिरत नसेल तर नाद सोडा. कॅपला तडा जातो. कंपनीचा बोल्ट मिळत नसेल तर जुना बोल्ट नमुना म्हणून घेऊन उद्यमनगरात, म्हणजे कोल्हापूरच्या कारखान्यांच्या भागात, एखाद्या लेथवाल्याकडं जा. आटे गेजनं तपासून तसाच, कमी लांबीचा, म्हणजे हलका, करून घेता येतो. त्याला दोन गोष्टी स्पष्ट सांगा: आटे लाकडात बसणार आहेत म्हणून कडा धारदार नकोत, आणि डोक्याला ॲलन कीचा खड्डा हवाच, नाही तर आत गेलेला बोल्ट पुन्हा बाहेर यायचा नाही. बट मात्र लेथवर चढवू देऊ नका, ‘जरा बारीक करून देतो’ म्हणाला तरी. पॉलिश जातं, रिंगा सुटतात आणि जाडी एकसारखी राहत नाही.

नवा बोल्ट बसवल्यावर पुन्हा ठोकून आवाज बघा, पुन्हा पेन्सिलीवर तोल काढा आणि आकडा बॅगेच्या आतल्या खिशात चिठ्ठीवर लिहून ठेवा. वजन, तोल, मुठीची जागा. पुढं कधी स्टिक परकी वाटायला लागली तर आधी हे तीन आकडे मोजायचे. जुळले तर टीप आणि मूठ बघायची. नाही जुळले तर बोल्ट सैल होऊन सरकला आहे का ते बघायचं, आणि पावसाळ्यात तेवढं आवळून घ्यायला दोन मिनिटं लागतात.